चेन पडते तो सीन

डोके सायकल मार्ट, भवानी पेठ.
वही जपून ठेवलीय मी, तेलाचे डाग पडलेली.
‘शिनेमावाले, ३० नग, अनामत नाही, ओळखीने.’
खाली लाल शाईत: ‘जमा २९.’
एकतिसावी आप्पा स्वतः चालवत गेले होते,
माल नजरेआड करायचा नाही म्हणून.

लकडी पुलावर नायक उभा, हातात चिठ्ठी,
मागून पाळी सुटलेल्यांचा लोंढा,
लोंढ्यात आप्पा, उसन्या खाकी टोपीत.
आणि ऐन मधोमध त्यांचीच चेन पडली.
दुकानदाराची! सगळी भवानी पेठ हसली असती.
नायकाने वळून बघितलं, चिठ्ठी खिशात गेली,
दिग्दर्शकाने तेवढंच ठेवलं.

पुढे जाणकारांनी त्या चेनवर पानंच्या पानं लिहिली.
थांबलेला काळ. निसटलेलं प्रेम.
श्रमिकाच्या चेहऱ्यावरची मूक वेदना.
आप्पा म्हणायचे, कडी ढिली होती,
सकाळीच दिसली होती, आळस केला.

परवा तोच पिक्चर नव्याने बघितला, रंगीत,
सातारा रोडला, गार हवेत, आप्पांना शाल गुंडाळून.
मेहुण्यांनी मध्यंतराआधीच निकाल दिला:
मूळ ते मूळ,
ही अप्पा बळवंत चौकातली झेरॉक्स.
बहीण म्हणाली, यात ती निदान बोलते तरी,
जुन्यात चार रीळं नुसता पदर चावत होती.
त्यावर मेहुणे पॉपकॉर्नच्या भावाबद्दल बोलू लागले.

मी पुलाची वाट बघत होते.

पूल आला. वरची मेट्रो संगणकाने पुसलेली,
नदीला पाणीसुद्धा घातलेलं.
लोंढा आला, खाकी टोपी आली,
आणि चेन पडली. बरोबर तिथेच.
अकरा वेळा पाडली म्हणे, तेव्हा कुठे
चुकून पडल्यासारखी पडली.

माझं वाक्य तयार होतं, घरी जाताना म्हणायचं:
योगायोगाची तालीम करता येत नाही, वगैरे.

तेवढ्यात आप्पा खुर्चीत पुढे सरकले.
पोरगा शिकलेला आहे, म्हणाले, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं.
बघ, खालच्या दातांवर बसवली, मग पायडल उलटं.
मी गडबडीत सुलटं फिरवलं, बोट सापडलं.
पडद्याच्या उजेडात त्यांनी नख दाखवलं,
अजून वाकडं आहे.
मूक वेदना.

मग कुठला चांगला, आप्पा?
हा. चेनपुरता हा.

लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, सायकली कुणाकडून घेतल्या यांनी?
पाच खऱ्या, मेहुणे म्हणाले, बाकीच्या संगणकाने वाढवल्या.
आप्पा गप्प. तळमजला आला, दार उघडलं,
दोन कॉलेजची पोरं आत शिरली तरी उभेच.
म्हणजे रात्री मोजून घ्यायला नकोत, म्हणाले.

रिक्षात, स्वारगेटच्या सिग्नलला, स्वतःशीच बोलल्यासारखं:
जुना मी सतरा वेळा बघितला, कुणाला वाटेल हौस.
हिरवी होती, मागे कॅरियर, घंटी माझ्या हातची.
डावीकडून तिसरा माणूस, पट्ट्यांचा शर्ट,
त्याच्याकडे आहे ती.
पुलाच्या टोकाला पोचतो,
आता तोंड वळवणार,
आणि तिथेच कापलंय.