मागीर

बाबांच्या वहीत नावं आहेत, नावांपुढे आकडे,
आणि आकड्यांपुढे त्यांच्या वळणदार अक्षरात
एकच शब्द: मागीर.
मागीर दितां, म्हणून गेलेली माणसं.
नंतर देतो म्हणणारी, नंतर न आलेली.
बसच्या कपाळावर देवाचं नाव,
तावेर्नाच्या दारावर बाटली आणि माडाची झावळ,
डिचोली ते साखळी अर्ध्या पाट्या त्यांच्या हातच्या.
तो शब्द त्यांनी इतका देखणा काढलाय
की पैसे बुडाले हे पटकन कळतच नाही.

मी टाइलींवर नावं लिहिते.
पांढऱ्यावर निळं, भट्टीत भाजून.
पहिल्या वर्षी किंमत सांगताना
माझा आवाज शेवाळावरून घसरायचा.
बाराशे म्हणायला तोंड उघडायचे
आणि आठशे बाहेर पडायचे,
वर ‘चालेल ना?’ हे फुकट.

मग भट्टीपुढे उभी राहून बोलायला शिकले.
तिला हजार अंश लागतात तर हजारच लागतात.
नऊशेत ती निळ्याला निळं होऊ देत नाही,
आणि त्यासाठी कुणाची माफी मागत नाही.

म्हापशाला शुक्रवारी
माझ्या शेजारी कुश्तोदिया बसते, चोरीसच्या माळा घेऊन.
माल उरला की ती म्हणते, आज चोरीस उरले.
माझ्या टाइली उरल्या की मी म्हणायचे,
आज मी उरले.
हा फरक समजायला तीन पावसाळे गेले.
तिनं समजावलं नाही काही.
उरलेली एक माळ माझ्या पिशवीत टाकली फक्त,
आणि मी शाकाहारी आहे हे ती
दर शुक्रवारी विसरते.

दिवाडीला एक मुलगी आहे, असंच काम करते.
भाचा फोनवर दाखवतो: बघ मावशी, बघ, किती माणसं!
तिचं निळं माझ्याहून खोल आहे.
खोटं कशाला बोलू, पोटात दुखतं.
त्या दुखण्याला मी बसायला स्टूल देते,
चहा देत नाही.
थोड्या वेळानं ते उठून जातं. कधी जात नाही,
तेव्हा त्याच्या शेजारीच बसून रंग घोटते.

कवळ्याचे धुमे टाइल परत घेऊन आले.
‘मातृकृपा’तला एक काना राहिला होता.
रागावले नाहीत. टाइल टेबलावर ठेवली
आणि खिडकीबाहेर बघत राहिले. ते जास्त लागलं.
पूर्वी असं झालं की मी तीन दिवस दार लावून
मोजत बसायचे, मी आणखी काय होऊ शकले असते:
बँकेत, शाळेत, निदान कुणाची तरी सून.
या वेळी म्हटलं, चूक माझी, आठ दिवसांत नवी देते.
वहीत लिहिलं: नुकसान, टाइल एक, काना एक.
स्वतःचं नाव त्या रकान्यात लिहिलं नाही.
ती टाइल आता माझ्याच दारावर आहे.
शाळेतून जाणारी पोरं मोठ्यानं वाचतात, मातृकृप,
आणि हसत पळतात.

माझ्याही वहीत आता आकडे आहेत.
निम्मे आगाऊ, उरलेले माल उचलताना.
बाबा असते तर म्हणाले असते, माणसं काय म्हणतील.
माणसं म्हणाली, बरं. इतकंच म्हणाली.

रात्री साडेनऊ. फोन वाजतोय.
कुणाची तरी उद्या वास्तुशांत आहे, कुणाचं तरी अर्जंट.
ब्रश धुतलाय, पाणी निळं झालंय,
बोटांची आग अजून निवायची आहे.
आत चौदा नावं थंड होताहेत,
घाईनं दार उघडलं तर तडकतील.
म्हणून भट्टीच्या दारावर मी खडूनं
बाबांच्या वळणात लिहून ठेवलंय
मागीर.