चिमटा

सेमिनरी हिल्सच्या उतारावर
पायडल थांबवलं की आधी हँडल कुजबुजतं,
मग अख्खी सायकल हिवताप आल्यासारखी हुडहुडते.
दांडीला गुडघे दाबून धरतो
तेव्हा कुठं निवते.

गोळीबार चौकात गुलाब हेडाऊनं ती उलटी टांगली.
"कॅरिअरवर काय राह्यते जी?"
काही नाही. डबा.
रिम फिरवली, नख लावून ऐकली:
आऊट नाही.
आरे एकेक छेडले. दोन ढिले,
"पण एवढ्यानं नाई होत."
हँडलचे छर्रे डिझेलात टाकले,
वाटीत बोट फिरवलं. वाटी शाबूत.
"उतारावर मुठी आवळता का?"
सगळेच आवळतात, म्हणालो.

मग त्यानं दोरा ताणला
पुढून मागच्या चाकापर्यंत,
एक डोळा मिटला.
"चिमटा वाकला हाय. सूतभर.
कधी आपटली होती?"

कधीच नाही.

तो काही बोलला नाही,
बोटाभोवती दोरा गुंडाळत राहिला.

रविवारी सायकल प्रणोती नेते.
आणि हा मे महिना,
घरात, कूलरसमोर बसूनही
आठ दिवस झाले
ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून आहे.