खाडे

फॅक्टरीचा भोंगा बत्तीस वर्षं
माझ्या वतीनं उठला.
मी फक्त त्याच्या मागोमाग,
आधी सायकलवर, मग लुनावर, मग स्कूटरवर,
वाडीच्या रस्त्यानं.
लोक म्हणायचे, कळंबे म्हणजे घड्याळ.
मीही तेच समजत होतो.

गेल्या डिसेंबरच्या अखेरीला निवृत्त झालो.
दोन जानेवारीला डोळे उघडले
तर ऊन मोरीपर्यंत येऊन बसलेलं.
तेव्हा कळलं,
सवय माझी नव्हतीच.
भोंग्याची होती.

त्याच दुपारी कॅलेंडरच्या मागे,
दुधाच्या हिशेबाखाली, लिहून काढलं:
खर्रा बंद.
रोज अंबाझरीपर्यंत चक्कर.
रात्री विमलच्या गुडघ्यांना तेल.
राग आला तर आधी पाणी पिणार.
हे शेवटचं विमलनं सांगितलं,
म्हणून बारीक अक्षरात.

दूधवाल्याच्या खाड्याला ती निळी फुली मारते.
माझ्या खाड्यांना लाल ठरली.
फेब्रुवारीत कॅलेंडरला गोवर निघाला.

पन्नीत सुपारी घोटल्याचा आवाज
मला दोन चौक आधीच ऐकू यायचा,
अजूनही येतो.
पुडीची रबरं मनगटावर चढवत गेलो,
तेवढंच प्रायश्चित्त.
विमल ती काढून कोथिंबिरीला बांधायची.
नवतपात अंबाझरी सुटली,
श्रावणात परत धरली,
दिवाळीत पुन्हा सुटली.
सप्टेंबरात अकरा दिवस आम्ही बोललो नाही.
त्यातल्या चार रात्री
तेल मात्र लावलं, भिंतीकडे बघत.
आणि पाणी पिऊनही राग येतो.
एकदा तर पेलाच फेकला.

आता अधिवेशनाचे दिवस.
बर्डीकडे जायची सोय नाही, रस्ते बांधलेले.
गच्चीवर उन्हात बसून मी लाल फुल्या मोजतो,
विमल संत्र्याच्या फोडींचे धागे काढते.
खर्रा, एकशे अठरा.
चक्कर, दोनशे तीन.
तेल, चौसष्ट.
राग मोजला नाही.

"काहून मोजता जी," ती म्हणाली.
"अन् नळाचं? ते कुठी मांडलं?"

नळ?

खालच्या खोलीत नागदेवे सिस्टर राहतात,
मेडिकलला रात्रपाळी.
त्यांच्या ड्यूटीचं आणि नळाचं कधी जमलं नाही.
मार्चात एकदा आमचं पाणी भरून झालं,
पाइप त्यांच्या पिंपापर्यंत पुरत होता,
सोडला.
दुसऱ्या दिवशीही पुरला.
एवढंच.

नवतपात भरलं, तापात भरलं,
पेला फेकला त्याच्या दुसऱ्या सकाळीही भरलं.
ना भोंगा, ना पगार, ना फुली.
सिस्टरही फारसं बोलत नाहीत,
एकदा कडीला पिशवी अडकवून गेल्या,
आत चार अंडी.

पाचला दहा कमी असताना मीच जागा होतो.
अंधारात पाइप गारठलेला.
नळ आधी नुसती हवा सोडतो,
म्हाताऱ्यासारखा खाकरतो,
मग पाणी.
पिंप भरत आलं की आवाज बारीक होत जातो.
आता मला न बघता कळतं, कुठं थांबायचं.

किराणावाल्यानं नवं कॅलेंडर दिलंय,
गुंडाळून, रबर लावून.
ते रबर काढलं, मनगटाशी नेलं,
आणि कोथिंबिरीच्या टोपलीत टाकलं.
एकतीसच्या रात्री फुटाळ्यावर पोरं फटाके उडवतील,
तोवर आमची एक झोप झालेली असेल.

मागच्या पानावर पुन्हा लिहिलं.
खर्रा. चक्कर. तेल.
रागाचं कलम आहे तसंच ठेवलं,
पेला तेवढा स्टीलचा घेतला.

नळाचं काही लिहिलं नाही.
लिहिलं तर खाडा पडेल,
अशी उगाच
भीती वाटते.