उरलेले नऊ तास

नऊ तास उरलेत,
त्यातला एक निरोप समारंभाने आधीच खाल्लाय.
हजेरीवहीच्या मागच्या पानावर मी रकाने आखते:
सोमवार, तपासणी. बुधवार, शेवट कसा करावा.
शुक्रवारपुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

तपासणी म्हणजे काय, ते मीच सांगितलं होतं:
लिहिलंय ते खरं आहे का, जाऊन बघा.
माहुलचा प्रणित तांडेल टेप घेऊन घरी गेला.
वडील जन्मभर सांगत आले, खोली दहा बाय बारा.
भरली नऊ बाय साडेदहा.
(टेपचं दुसरं टोक पप्पांनीच धरलं होतं.)
हे त्याने कंसात लिहिलंय.
कंसात.

समासात मी लाल पेनाने लिहिलं, कंस काढ.
मग बऱ्याच वेळाने
तेच खोडलं.

खिडकीतून रिफायनरीचा वास. पंख्याची किरकिर.
झुलेखाचे कागद अजून आलेले नाहीत.
"मॅडम, खरं लिहिलं तर अम्मी वाचेल ना."
तिला एक तास जादा द्यायला हवा,
एकटीला, दार लोटून.
आणायचा कुठून?

बुधवारचा रकाना खोडते.
तिथे लिहिते: झुलेखा.
शेवटाचं काय,
तो शिपाईमामा घंटा देऊन करतातच.