इस्त्रीचं झाड

चाळीसगावात, धुळ्याची गाडी जिथे फाटा घेते,
तिथल्या रेल्वे क्वार्टरांमागे
एक गुलमोहर होता आणि त्याच्याखाली
सुपडाबाईचं इस्त्रीचं टेबल.

टेबल म्हणजे दोन पिंपं आणि कुठल्याशा
पाडलेल्या खोलीचं दार,
वर घोंगडी, घोंगडीवर विटकी चादर.
सावली सरकली की दारही सरकायचं.
सकाळी नळाकडे, दुपारी बुंध्याशी,
चारच्या सुमाराला थेट आमच्या ओट्यापाशी.
आई म्हणायची, "सुपडाबाई ओट्याला लागली,
चहा टाक."

चैत्रात तो नेमका बोडका.
पारा त्रेचाळीसवर, आणि अंगावर नुसत्या शेंगा,
काळ्या, खुळखुळणाऱ्या.
शेंगेएवढ्या सावलीत उभी राहून
कोळसे फुंकता फुंकता ती वर बघून भांडायची :
"जवय सावली लागस, तवय तू उघडा.
मंग काय कामना रे भो तू?"
तो ऐकून घ्यायचा.
तिच्या घरी ऐकून घेणारं
दुसरं कुणी नव्हतं.

वैशाखात मात्र काही विचारू नका.
पत्रे लाल, नाली लाल, सायकलींच्या सीटा लाल.
आम्ही कळ्या फोडून केसरांचे कोंबडे झुंजवायचो,
ज्याचं डोकं तुटलं तो हरला.
पाचांतली एक पाकळी ठिपक्यांची असते, आंबटसर,
तेवढीच खायचो.

त्याच दिवसांत, बादलीतलं पाणी शिंपडून ठेवलेल्या
बागूल टीसींच्या पांढऱ्या शर्टावर
एक फूल पडलं
आणि बोलता बोलता तिने
वरून इस्त्री फिरवली.

लिंबू झालं, सोडा झाला, रॉकेलसुद्धा.
खिशाच्या वर डाग राहिलाच,
नारिंगीकडे झुकलेला, बोटं फाकल्यासारखा.

बागूल भयंकर कडक माणूस.
बिनतिकिटाच्या सख्ख्या मेव्हण्याला
त्यांनी कजगावला उतरवला होता.
आम्ही ओट्यावरून बघत बसलो, आता काय होतं.
त्यांनी शर्ट उन्हाकडे धरला. घडी केली.
दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना
नावाचा बिल्ला बोटभर वर सरकवलेला होता,
तरी एक पाकळी खालून दिसतच होती.

त्या संध्याकाळी टेबल उचलण्याआधी
सुपडाबाईने बोट जिभेला लावलं
आणि बुंध्याला टेकवलं,
इस्त्री तापली का, ते बघतात तसं.