फेरफार

टायर मोठे घातले तेव्हापासून
स्पीडोमीटर खोटं बोलतो.
काटा पन्नासवर, जीप पंचावन्नला.
मी साताऱ्याच्या कोर्टात लघुलेखक;
दिवसभर लोकांच्या शपथा टंकतो
आणि संध्याकाळी पोवई नाक्यावर
मनातल्या मनात दहा टक्के वाढवतो.
मुबारक मुलाणी म्हणाला, केबलचा गिअर बदलू?
म्हटलं, राहू दे.
ठाऊक असलेलं खोटं चालतं.

पाटे दोन इंच उचलले
तर आईला चढता येईना.
बोलली नाही काही,
रिक्षानं गेली दवाखान्यात, दोनदा.
मग मुबारकनं जुन्या पाइपची पायरी जोडली
तिच्या गुडघ्याच्या मापाची.
काल बामणोलीच्या वाटेवर
दगडाला पहिली तीच घासली.
वाकली. तुटली नाही.

सोमवार, सकाळचे साडेसात.
पोत्यावर पाठ टेकून मी गाडीखाली:
ग्रीसगन, बारा निपल,
अकरा झाली,
बारावं चिखलात कुठं गडप.
डोळ्यात माती.
बाजूला आईच्या चपला, थांबलेल्या.
"झालं का रे?"
"झालं."

वाकड्या पायरीवर पाय देऊन ती चढली,
पायरीकडे न बघता.
चढाला खालून काहीतरी कुरकुरलं.
तिनं ऐकलं.
मी रेडिओ लावला.

साडेदहाला कोर्टाच्या आवारात
दोन स्कूटरींच्या मधे जीप घातली
तर मडगार्डमधून
मुठीएवढं लाल ढेकूळ सुटलं,
नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.
घाडगे शिपाई ढेकळाकडे बघतो,
मग माझ्याकडे.