सुताराचा खोकला

पाराना नदीवरून वारा सुटला की
आमच्या वर्गाची खिडकी आपोआप उघडते.
म्हणून फटीत वहीचा पुठ्ठा कोंबायचा,
मगच रेकॉर्डिंग लावायचं.

रोसारिओ. मंगळवार, तिसरा तास.
एकवीस मुलं. चौघं ज्यू घरातली,
बाकीची इटालियन, बास्क, आणि एक नाहुएल,
ज्याला आपलं मूळ माहीत नाही, फिकीरही नाही.

पाकिटावर लिहिलंय:
निगुन. बेसारेबिया. गाणारा – सुतार.
सुताराला नाव असणारच.
लिहून घेणाऱ्याची पेन्सिल तिथेच थांबली.

मेणाच्या नळकांड्यावरून टेपवर, टेपवरून कॅसेटवर,
आता माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पेनड्राइव्हवर;
दर मुक्कामाची थोडी धूळ
आवाजाने अंगावर आणली आहे.
मी आधी धूळच ऐकायला शिकवते.
ही खरखर मेणाची. ही घरघर टेपची.
आणि ही शिट्टी?
"बाई, ती किटली," ब्रिसा म्हणते.
शेजारच्या खोलीत कुणीतरी येर्बाचं पाणी ठेवलं होतं.

मग सुतार.
या-बा-बाम, या-बा-बाम.
"अर्थ काय?"
शब्दच नाहीत.
"विसरला?"
नाही रे. पहिल्यापासून नव्हते.
एझेक्विएलला पटत नाही.
त्याच्या मते कुणीतरी चोरले.
मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
त्या गावाचं पुढे काय झालं
ते आठवीच्या इतिहासात येतं.
ही पाचवी आहे.

चाल मी तुकड्यातुकड्याने देते.
बघा, इथे तो वर जातो,
जिन्याने नाही, शिडीने,
एका हातात हातोडी असल्यासारखा.
इथे श्वास.
इथे श्वास घ्यायला हवा होता, त्याने घेतला नाही.
आणि तिसऱ्या फेरीत, वरच्या सुराच्या जरा आधी,
तो खोकतो.
कोरडं, छोटं, घशात भुसा गेल्यासारखं.
जिथे सोडलं तिथूनच उचलतो.

वीस वर्षं हा तास घेते आहे.
खोकल्याबद्दल कधी बोलले नाही.
तो मला धुळीतच जमा वाटायचा.

जूनमध्ये पालक आले. खुर्च्या कमी पडल्या,
कोट मांडीवर घेऊन लोक दाटीवाटीने बसले.
पहिली फेरी बरी झाली. दुसरीत नाहुएल जरा पुढे पळाला.
तिसरीत, वरच्या सुराच्या जरा आधी,
एकवीस मुलं एकदम खोकली.
कोरडं, छोटं.
आणि जिथे सोडलं तिथूनच उचललं.

जून म्हणजे आमची ऐन थंडी;
पालकांना वाटलं, साथ आली.
मुख्याध्यापक पाण्याची बाटली घेऊन धावले.
माझा ताल धरलेला हात
हवेत तसाच राहिला.

रात्री वह्या तपासायला घेतल्या.
ब्रिसाने पाच रेघांवर सूर मांडले होते, बहुतेक बरोबर,
आणि त्या जागी एक रिकामं वर्तुळ.
खाली बारीक अक्षरात: सुतार.
लाल पेन उघडलं होतं.
फक्त तारीख घातली.

पुढच्या मंगळवारी
पुठ्ठा कोंबायचा राहून गेला.
खिडकी एकदा आपटली.
मुलांनी मान वर केली,
आणि कुणीतरी वहीत तेही लिहून घेतलं.